संगणकावर खाती उघडण्यापूर्वी क्रमांक ठरवा

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. हे आपणां व्यापाऱ्यांना ठाऊक असते. तरीही दुकानात संगणक आला की मुलगा किंवा नोकर सुचेल त्या नावाने खाती उघडत जातो. वर्षअखेर एकाच गिऱ्हाइकाची तीन खाती निघतात: एक ‘शेख’, दुसरे ‘शे.’, तिसरे इंग्रजी स्पेलिंगचे. उधारी एकात, जमा दुसऱ्यात. वसुलीला गेलेला माणूस तोंडघशी पडतो.

टॅलीमध्ये २८ गट तयारच मिळतात. गिऱ्हाईक ‘सन्ड्री डेटर्स’मध्ये, माल देणारा ‘सन्ड्री क्रेडिटर्स’मध्ये. प्रत्येक खात्याला नावाशिवाय एक उपनाव, म्हणजे ‘एलियस’, देता येते. आम्ही क्रमांक तेथे घालतो. पहिला अंक प्रकाराचा: १ येणे, २ देणे, ३ खरेदी, ४ विक्री, ५ खर्च. येण्यात पुढील दोन अंक गावाचे: कोरपना ०१, गडचांदूर ०२, नांदा ०३. शेवटचे तीन गिऱ्हाइकाचे. १०२०१५ म्हणजे गडचांदूरचे पंधरावे गिऱ्हाईक. गावाचा उपगटही करावा, म्हणजे कापूस विकला गेला की त्या गावची यादी लगेच हाती येते. बंद खात्याचा क्रमांक दुसऱ्यास कधीही देऊ नये.

आपला तालुका तेलंगणाच्या सीमेवर, म्हणून खरेदीची खाती दोन हवीत. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहावेत. २७ महाराष्ट्र, मालेगाव, इचलकरंजीच्या मालावर सीजीएसटी व एसजीएसटी. ३६ तेलंगणा, २४ गुजरात. आदिलाबाद किंवा सुरतच्या मालावर आयजीएसटी.

कराचा दर मात्र खात्याच्या नावात घालू नये. तयार कपड्यांवर १,००० रुपयांपर्यंत ५ व त्यावर १२ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ व त्यावर १८ टक्के झाले. ‘१२ टक्के कपडे’ असे खाते ज्यांनी उघडले होते, त्यांची पंचाईत झाली. ‘कमी दर’, ‘जादा दर’ एवढे पुरे.

जकातीसाठी तीन खाती वेगळी ठेवावीत: बँकेचे व्याज, बुडीत वाटणारी उधारी, घरखर्चाची उचल. व्याज ‘इतर उत्पन्ना’त मिसळले की ते वेगळे काढून देणे कठीण होते. आयकराच्या विवरणात मात्र ते दाखवावेच लागते. बुडीत उधारीबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. मुफ्ती साहेबांना विचारावे, पण विचारायला आकडा तर हवा! हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ३१ मार्चचा ताळेबंद जकातीला चालत नाही. आपल्या हिजरी तारखेचा काढावा. सॉफ्टवेअर कोणत्याही तारखेचा देते.

जुन्या खात्याचे नाव बदलले तरी आतील नोंदी तशाच राहतात. दुबार खाते असेल तर त्याची बाकी जर्नल नोंदीने मूळ खात्यात न्यावी. क्रमांकांची यादी गल्ल्याजवळ चिकटवावी आणि नवे खाते उघडण्याची मुभा एकाच माणसाला द्यावी.