विनातिकीट प्रवास : जादा आकार आणि दंड

‘तिकीट नव्हते, दंड भरला’ असे प्रवासी सर्रास म्हणतात. वास्तविक तिकीट तपासनीस गाडीत भाड्यावर जी रक्कम वसूल करतो, ती कायद्याच्या परिभाषेत ‘जादा आकार’ होय. दंडाची शिक्षा न्यायालय देते. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र कलमे आहेत.

फसवणुकीच्या हेतूने विनातिकीट प्रवास करणे किंवा एकदा वापरलेले तिकीट पुन्हा वापरणे हा कलम १३७ खालील अपराध आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विशेष कारण नसल्यास दंड पाचशे रुपयांहून कमी नसतो.

कलम १३८ मध्ये मात्र हेतूचा प्रश्नच उद्भवत नाही. तिकीट नसणे, मागताच ते न दाखविणे, तिकिटाच्या पल्ल्यापुढे किंवा वरच्या वर्गातून जाणे एवढे पुरे. देय भाड्याइतकी रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जी अधिक ती जादा आकार म्हणून भाड्याव्यतिरिक्त द्यावी लागते. म्हणजे दहा रुपयांच्या प्रवासास २६० रुपये पडतात, तर चारशेच्या प्रवासास आठशे.

भाडे कोठून धरावयाचे? मुंबईहून सुटलेल्या गाडीत नाशिक रोडला चढलेल्या प्रवाशाच्या चढण्याच्या स्थानकाविषयी शंका असेल, तर मुंबईपासूनचे भाडे आकारता येते. वाटेत तिकीटतपासणी झालेली असल्यास शेवटच्या तपासणीच्या ठिकाणापासून.

प्रामाणिक प्रवाशास कायद्याने वाट ठेवली आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन गाडीत बसल्यास त्याच्याकडून कलम ५५ प्रमाणे प्रमाणपत्र मिळते. ते जवळ असेल तर केवळ भाडे द्यावे लागते, जादा आकार नाही. शालेय सहलीत एखाद्या मुलाचे तिकीट काढावयाचे राहून गेल्याचे वेळीच लक्षात आले, तर शिक्षकांनी तपासनिसाची वाट न पाहता ही परवानगी आधी मागावी.

रक्कम न भरणाऱ्यास कलम १३९ खाली गाडीतून उतरविता येते. सोबत पुरुष प्रवासी नसलेली स्त्री किंवा बालक यांना मात्र प्रवासाच्या आरंभस्थानी, जंक्शनवर, अंतिम स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीच, आणि तेही दिवसाच उतरविता येते. लासलगावसारख्या मधल्या स्थानकावर त्यांना उतरविता येणार नाही. मनमाड जंक्शन असले तरी रात्री तेथेही नाही.