एकास चोवीस : लहान मोटारी घडविण्याचा छंद

विद्यार्थी मित्रहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या मुलखात तान्हा पोळा भरतो, हे तुम्हांस सांगावयास नको. चाके लावलेला लाकडी बैल रंगवून, त्याच्या शिंगांस बेगड चिकटवून, पाठीवर झूल घालून मुले तो दोरीने ओढीत नेतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही प्रथा पाहताना एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात येते. दहा मुलांनी एकाच सुताराकडून दहा सारखे बैल आणले, तरी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येईपर्यंत ते दहा निराळे बैल झालेले असतात. कोणाच्या बैलास घरच्या ढवळ्यासारखा पांढरा रंग मिळतो, तर कोणाच्या बैलाच्या कपाळावर नेमका आजोबांच्या बैलाचा ठिपका उमटतो. मोठ्या वस्तूचे लहान रूप घडविणे आणि त्या रूपास आपलेपणा देणे, ह्या दोन्ही गोष्टी तुम्ही लहानपणीच करून चुकला आहात. आज आपणांस ज्या छंदाचा विचार करावयाचा आहे, तो ह्यांच्याच पुढची पायरी होय. तो म्हणजे मोटारीची प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविणे.

हा छंद परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे कित्येकांस वाटते. परंतु १९७४ साली प्रवरेच्या काठी, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे काशाच्या चार भारी वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक दोन बैलांचा रथ असून त्यावर हाकणारा मनुष्य उभा आहे. हा रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे. त्याच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे पुष्कळांचे मत आहे. म्हणजे ज्या भूमीत आपण राहतो, तेथील कारागिराने मोटारीची कल्पनाही नसलेल्या काळी आपल्या डोळ्यांपुढील वाहनाचे लहान रूप घडविले होते. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करणारे खेड्यातील पोर त्याच कारागिराच्या वंशातले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

खेळणे आणि प्रतिकृती

आता खेळणे आणि प्रतिकृती ह्यांतील भेद समजून घेऊ. खेळण्यातील मोटारीस चार चाके असली आणि ती पळाली, म्हणजे काम झाले. प्रतिकृतीचे तसे नाही. मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागून जी लहान वस्तू होते, तिलाच प्रतिकृती म्हणावे. ह्या भागाकारास प्रमाण असे नाव आहे. एकास चोवीस म्हणजे मूळ मोटारीचे चोवीस मिलिमीटर ते प्रतिकृतीचा एक मिलिमीटर. लांबी चोविसाने भागावयाची आणि चाके मात्र डौलदार दिसावीत म्हणून विसाने भागावयाची, असे येथे चालत नाही.

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या तारवाची मापे सांगितली आहेत. त्याची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात आणि उंची ३० हात होती. एका हातास एक मिलिमीटर धरला, तर ३० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद आणि ३ सेंटीमीटर उंच असे पुठ्ठ्याचे तारू होईल. हात सुमारे ४५ सेंटीमीटरांचा मानिला, तर हे प्रमाण एकास ४५० पडते. रविवारच्या शाळेतील लहान मुलांकडून मी हे तारू करवितो. चित्रातले पोट फुगलेले, आखूड जहाज आणि मापाने झालेले हे लांबट तारू शेजारी ठेवले, की मापाचे महत्त्व मुलांस वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ह्या छंदात रूढ असलेली प्रमाणे आरंभी चमत्कारिक वाटतात. पण त्यांत कोडे काही नाही. एका फुटास अर्धा इंच धरला, की एकास चोवीस हे प्रमाण आले. खेळण्यातील आगगाड्यांसाठी इंग्लंडात एका फुटास सात मिलिमीटर असे माप रूढ होते, त्यातून एकास त्रेचाळीस निघाले. साडेतीन मिलिमीटर धरले, की एकास सत्त्याऐंशी झाले. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले व १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय ह्याच शेवटच्या प्रमाणाचे आहे. सहलीस पुण्यास गेलात तर ते अवश्य पाहा.

एका मोटारीचे गणित

उदाहरणादाखल आपल्या महाराष्ट्रातच तयार झालेली एक मोटार घेऊ. सोलापुरास जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाट मोटारीच्या धर्तीवर जी गाडी तयार होई, ती पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने घरोघर माहीत झाली. काळा-पिवळा रंग घेऊन हीच पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके टॅक्सी म्हणून धावली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची टॅक्सी म्हणून सेवा संपली. जी वस्तू रस्त्यावरून नाहीशी होते, तिचे रूप जतन करणे हाही ह्या छंदाचा एक मोठा उपयोग आहे.

पद्मिनीची लांबी सुमारे ३,९३० मिलिमीटर, रुंदी १,४६० मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर २,३४० मिलिमीटर. चोविसाने भागिले असता लांबी जवळजवळ १६४, रुंदी ६१ आणि आसांमधील अंतर साडेसत्त्याण्णव मिलिमीटर येते. चाक सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाचे धरले, तर प्रतिकृतीचे चाक २५ मिलिमीटरांचे होईल. म्हणजे सगळी मोटार तुमच्या कंपासपेटीहून फारशी मोठी नाही.

येथे वरच्या वर्गांतील मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लांबी चोविसावा हिस्सा झाली, तरी पृष्ठभाग मात्र २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ वा हिस्सा होतो. आणि घनफळ तर १३,८२४ वा हिस्सा होते. सुमारे ९०० किलोग्रॅमची मोटार त्याच धातूंची, तितक्याच प्रमाणात पातळ करून घडविता आली, तर तिचे वजन अवघे ६५ ग्रॅम भरेल. उलट, आपण रंगाचा एक-दशांश मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर खऱ्या मोटारीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड दिसला असता! म्हणूनच रंग नेहमी पातळ द्यावा लागतो. जाड रंगाखाली दारांच्या फटी व बारीक रेषा बुजून जातात.

घडविण्याची रीत

बाजारात प्लॅस्टिकचे सुटे भाग भरलेले डबे मिळतात. पण ते महाग असतात, व खेड्यातील मुलास त्यांची गरजही नाही. पुढील क्रमाने चालावे.

पहिले काम मापाचे. पुठ्ठ्यास हात लावण्यापूर्वी एक स्वतंत्र वही करावी. डाव्या पानावर खरे माप व उजव्या पानावर भागिलेले माप लिहावे. दुसऱ्याच्या गाडीचे माप घेताना मालकाची परवानगी मागण्यास लाजू नये.

दुसरे काम आराखड्याचे. आलेखाच्या कागदावर मोटार बाजूने, पुढून, मागून आणि वरून अशी चार प्रकारांनी काढावी. चारही चित्रांतील उंची व रुंदी एकमेकींशी जुळली पाहिजे. जुळली नाही, तर चूक कागदावरच सापडली, असे समजून आनंद मानावा.

तिसरे काम सांगाड्याचे. जाड पुठ्ठ्याचा तळ कापून त्यावर आडव्या फासळ्या उभ्या कराव्या. वरची साल जुन्या लग्नपत्रिकांच्या कागदाची करावी. छपराचा बाक आणावयाचा असेल, तर कागद किंचित ओलसर करून पेन्सिलीवर गुंडाळावा. पाते धारदार असावे, पट्टी लोखंडी असावी, आणि लहान मुलांनी वडील माणसाच्या देखत कापावे.

चौथे काम चाकांचे. पुठ्ठ्याच्या तीन-चार चकत्या एकावर एक चिकटवून कडा सँडपेपरने गोल कराव्या. सायकलच्या चाकाची जुनी तार आसास उत्तम. ती रिकाम्या रिफिलच्या नळीतून घातली, म्हणजे चाके सहज फिरतात.

शेवटचे काम रंगाचे. प्रथम अस्तर, ते वाळल्यावर सँडपेपर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पुष्कळांची महिन्याभराची मेहनत ह्या एका दिवसाच्या उतावीळपणाने वाया जाते.

आपलेपणाचे फेरफार

एवढे झाल्यावर छंदाचा खरा रंगतदार भाग सुरू होतो, तो म्हणजे फेरफार. १९५८ साली अमेरिकेतील ए.एम.टी. ह्या कंपनीने असे डबे काढले, की एकाच डब्यातील भागांतून मुलाने वाटल्यास कारखान्यातल्यासारखी, वाटल्यास मनाजोगती सजविलेली, वाटल्यास शर्यतीची मोटार करावी. त्याच देशात जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० पासून १९६८ पर्यंत मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालविली. आरंभी मुलांकडून नेपोलियनच्या काळच्या घोडागाडीची प्रतिकृती मागविली जाई. पुढे स्वतःच्या कल्पनेची मोटार घडविण्यास सांगू लागले. बक्षीस म्हणून शिष्यवृत्ती मिळे, आणि त्या मुलांतील कित्येक पुढे मोटारींचे आराखडे करणारे झाले.

परंतु फेरफार म्हणजे केवळ भडक रंग व रुंद चाके नव्हेत. सर्वांत अवघड फेरफार म्हणजे कोणतीही एक मोटार न करता *ती* एक मोटार करणे. आपल्याकडची काळी माती कोरडी करून, बारीक कापडातून चाळून कुंचल्याने चाकांच्या वर लावली, की गाडी कळंबच्या रस्त्यावरून आल्यासारखी दिसते. ह्या संबंधात घडलेली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा बाकाखाली पुठ्ठे कापताना सापडला. गणितात तो मागे होता. मी रागाने ती अर्धवट गाडी घेऊन कपाटात ठेविली आणि त्याच्या वडिलांस बोलावणे पाठविले. वडील पूर्वी यवतमाळच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवीत. धंदा बसल्यामुळे ती विकावी लागली होती, आणि घरात तिचे नाव काढावयाचे नाही असा जणू नियमच झाला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते आले, मी तक्रार सांगितली, आणि पुरावा म्हणून गाडी पुढे ठेविली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. गाडी हातात घेऊन त्यांनी ती मागून पाहिली आणि म्हणाले, “हे पायदान चुकलं. इतक्या उंचावर म्हातारी माणसं कशी चढतीन?”

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “मोजाले गाडी कुठं हाये, बाबा?”

वडिलांनी जमिनीवर हात टेकून वीत ताणली. एक वीत, तीवर दुसरी. मी पट्टी आणिली. त्यांची वीत २२ सेंटीमीटरांची होती. दोन विती म्हणजे ४४०. चोविसाने भागिले, तर अठरा मिलिमीटरांस थोडे अधिक. मुलाने अंदाजाने २६ केले होते. हा भागाकार त्याने तेथेच उभ्या उभ्या, न सांगता केला. मग वडिलांनी टपावरच्या जाळीची उंची सांगितली, मागच्या काचेवरची अक्षरे सांगितली, आणि शेवटी डाव्या मडगार्डवर बोट ठेविले. तेथे मुलाने गाडी गुळगुळीत, नवी कोरी केली होती. ते म्हणाले, “पोचा बी काढ. त्याच्याबिगर थे आपली गाडी नाही.”

तो मुलगा गणितात पहिला वगैरे आला नाही. गुणोत्तर-प्रमाणाचे प्रकरण मात्र त्यास पुन्हा कधी अडले नाही. शिक्षा जर कोणाला झाली असेल, तर ती मला. त्या दिवसापासून मी मुलांचे पुठ्ठे जप्त करीत नाही. त्यांची मापाची वही मागतो.

पालकांस विनंती

पालकहो, ह्या छंदाने वेळ जातो, हे खरे आहे. त्यास वेळेची मर्यादा घालून द्या. परंतु मूल जेव्हा एखादी वस्तू मोजून, भागून पुन्हा घडविते, तेव्हा ते अंदाजावर न विसंबता खरे काय ते पाहावयास शिकत असते. खोट्या तराजूविषयी शास्त्रात जे कडक शब्द आहेत, ते केवळ दुकानदारांसाठी नाहीत. आणि ज्यास आम्ही प्रभू म्हणतो, तो नासरेथात सुताराच्या घरी वाढला; तेव्हा हातकामास हलके मानण्याचे आम्हांस तरी काही कारण नाही. आपल्या धंद्यातील गाडी, अवजार, चाक ह्यांची मापे मुलास तुमच्याइतकी कोणीही सांगू शकणार नाही. ती त्यास सांगा. आमच्या मुलींनीही ह्या कामात मागे राहू नये. सुईदोऱ्याचा सराव असलेला हात पात्यावरही स्थिर राहतो, हा माझा अनुभव आहे.

अभ्यास

१. घरच्या सायकलीचे चाक, मूठ आणि बैठक ह्यांची जमिनीपासूनची उंची मोजून एकास चोवीस ह्या प्रमाणात मांडा.

२. यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ आगगाडीच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या वर्धा-कळंब लोहमार्गावर ते १,६७६ मिलिमीटर आहे. एकास सत्त्याऐंशी ह्या प्रमाणात दोन्ही अंतरे किती होतील?

३. घरातील कोणत्याही वडील माणसास, आता घरात नसलेल्या एका वाहनाची मापे हाताने दाखवावयास सांगा. ती मापाच्या वहीत लिहून नाताळच्या सुट्टीनंतर वर्गात घेऊन या.