शहराखालच्या नदीचा गाळ : टाकण्याआधी तपासा

उन्हाळ्यात बंधारे कोरडे पडले की गाळ वाहण्याची घाई सुरू होते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये आली आणि गाळ टाकलेल्या रानात पीक कसं उठतं, हे गावोगाव दिसलं. पाझर तलावाचा, गावतळ्याचा गाळ खुशाल टाका. पण पुणे, पिंपरी-चिंचवड ओलांडून आलेल्या मुळा-मुठेच्या पात्रातला गाळ त्याच मापाने मोजू नका. मांजरी-थेऊरच्या पट्ट्यातल्या भाजीपाला उत्पादकांना हे मुद्दाम सांगतो आहे.

धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून क्रोमियम-निकेल, बॅटऱ्या आणि जुन्या रंगांतून शिसे-कॅडमियम, रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांतून जस्त नदीत येतं. हे धातू चिकणमातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पदार्थांना चिकटून तळाशी बसतात. म्हणजे जो गाळ बोटांना लोण्यासारखा लागतो आणि आपल्याला कसदार वाटतो, त्यातच ते जास्त असतात.

काळ्या गाळाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. बांधावर काही दिवस पडला की वास जातो, रंग राखाडी होतो, भेगांच्या कडेला तांबूस डाग उमटतात. गाळ निवला असं वाटतं. खरं तर पाण्याखाली गंधकाशी जखडलेले धातू हवा लागल्यावरच मोकळे होऊ लागतात.

पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा यांना धोका अधिक. शिसं बहुतेक करून पानांवर उडालेल्या मातीतून येतं, त्यामुळे स्वच्छ पाण्याने जुडी धुतली की बरंचसं जातं. कॅडमियम मात्र मुळांतून पानात चढतं. ते धुऊन जात नाही.

नमुना आठ-दहा ठिकाणांहून, वरचा आणि खोलचाही घ्या. प्लास्टिकचं घमेलं, लाकडी काठी वापरा. पत्र्याच्या बादलीचं जस्त नमुन्यात मिसळतं. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे-कॅडमियम येत नाही, प्रयोगशाळेला ते वेगळं सांगावं लागतं. सोबत आपल्या रानातली मातीही द्या, कारण आपल्या काळ्या जमिनीत क्रोमियम-निकेल मुळातच असतं आणि तुलनेशिवाय तो आकडा फसवतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. गाळ त्याच्यापुढे गेला तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आणि मर्यादेच्या आत आला, तरी आपल्या मातीच्या कित्येक पट असेल तर माझं मत तेच.

आधीच टाकला असेल तर पालेभाजी आणि चाऱ्याऐवजी झेंडू, निशिगंध घ्या. भरपूर कुजलेलं शेणखत घाला, गंधक किंवा आम्लधर्मी खतं टाळा. जमीन आम्ल झाली की कॅडमियम पिकाला सहज मिळतं.

एका एकरावर दोन इंच थर म्हणजे सुमारे 72 ब्रास गाळ. वखर फिरल्यावर तो मातीतून वेगळा काढता येत नाही. जपानमध्ये जिंत्सू नदीकाठची कॅडमियमने बिघडलेली भातशेती मातीचा थर बदलून सुधारायला 1979 ते 2012 इतका काळ लागला. मृगाला अजून अवकाश आहे. पहिला डंपर रानात रिकामा होण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पोहोचवा आणि अहवाल हातात येईपर्यंत गाळ बांधाबाहेरच राहू द्या.