ख्रिस्तपुराणाची ओवी कशी वाचावी?



गेल्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर आपल्या वाचकांनी ‘ख्रिस्तपुराणा’तील दुःखसहनाचा भाग वाचला. नंतर एक आजी मला म्हणाल्या, “फादर, बातम्या वाचल्यासारखं वाटलं.” आजींचे खरे होते. दोष मात्र वाचकांचा नव्हे, माझा. कागद वाचवण्यासाठी मी ओव्या गद्यासारख्या सलग छापून दिल्या होत्या.

हे पुराण रचणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. दहा हजारांहून अधिक ओव्या! छंद मात्र त्यांनी युरोपातून आणला नाही; ज्ञानेश्वरीचा, म्हणजे इथल्या लोकांच्या कानात बसलेलाच घेतला.

ओवीचे चरण चार. पहिल्या तिन्हींच्या शेवटी यमक. चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. नमुन्यासाठी मीच एक जुळवली आहे (कवींनी क्षमा करावी):

पहाटे घंटा वाजली
आळी सारी जागी झाली
आजी देवळी निघाली
काठी टेकीत

मोठ्याने म्हणून पाहा. तीनदा ‘ली’ ऐकल्यावर कान चौथ्या ‘ली’ची वाट पाहतो. ती येत नाही, चरणही लवकर संपतो. त्या रिकाम्या जागेत आपण श्वास घेतो आणि काठी टेकणारी आजी डोळ्यांपुढे उभी राहते. दुःखसहनाच्या वाचनात तर ही जागा फार मोलाची, कारण ऐकणाऱ्याला प्रभूकडे पाहायला तेवढाच वेळ मिळतो. मी नेमकी तीच बुजवली. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आकार आणि द्रव्य यांची फारकत करता येत नाही, हे मी पाठ केले होते. कळले ते आजींच्या बोलण्याने!

ओवीत लघु-गुरूंचा हिशेब नसतो, अक्षरेही कमी-जास्त चालतात. म्हणूनच हिब्रू व लॅटिन नावे तिच्यात सहज सामावतात. शार्दूलविक्रीडितात बसवताना फादरांना घामच फुटला असता. तेव्हा वाचकांनी ठेका धरण्याचा आग्रह नको.

येत्या शुक्रवारचा कागद चार-चार ओळींत छापला आहे. चौथ्या ओळीनंतर मनात दोन अंक मोजावेत, मगच पुढची ओवी घ्यावी. गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर सराव आहे. जात्यावरच्या ओव्यांची चाल वेगळी असली, तरी त्या येणाऱ्या आजींनी जरूर यावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू