मेडिक्लेमचा हप्ता आणि दुकानदाराचा प्राप्तिकर

मार्च महिना जवळ आला की खोकला-तापाच्या जोडीने आमच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो: ‘डॉक्टर, मेडिक्लेमचा हप्ता टॅक्समधून वजा होतो का?’ विचारणारे बहुधा स्वतःचा धंदा असलेले. ठाण्याच्या गोखले रोडवरील दुकानदार, डोंबिवली एमआयडीसीतील छोटे कारखानदार, कल्याणमधील क्लासचालक. यांना मालकाची ग्रुप पॉलिसी नाही, आजारपणाची रजा नाही. शटर खाली ओढले की त्या दिवसाची कमाई बंद.

सवलत आहे. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली, त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात कलम ८०डी आले. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी लोक ८०डीच म्हणतात. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या हप्त्यासाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांच्या हप्त्यासाठी आणखी २५,०००, आणि त्यांचे वय साठ किंवा अधिक असेल तर ५०,०००. सासू-सासरे यात बसत नाहीत. पत्नी स्वतः कर भरत असेल तर तिने आपल्या आईवडिलांचा हप्ता भरून वजावट घ्यावी.

घरचा हप्ता दुकानाच्या खर्चात मात्र टाकू नका, तो घरखर्चच आहे. आणि रोख भरू नका. चेक, यूपीआय, कार्ड काहीही चालेल. रोखीची सूट फक्त प्रतिबंधक तपासणीला आहे, तीही याच मर्यादेत ५,००० रुपयांपर्यंत.

आता माझ्या रुग्णांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट. सत्तरीतल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या आईला पॉलिसी मिळणे अवघड, मिळाली तर हप्ता न परवडणारा. साठीपुढच्या अशा व्यक्तीचा विमाच नसेल, तर तिच्या उपचारांचा खर्च ५०,००० पर्यंत वजा होतो. समजा, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंनी घरच्या पॉलिसीचे २२,००० भरले आणि ६८ वर्षांच्या आईच्या औषधे-तपासण्यांवर ३१,००० खर्च केले. ५३,००० वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, ११,०२४ रुपये वाचतात. पण हेही पैसे रोख दिलेले चालत नाहीत. तेव्हा औषधवाल्याकडून बिल मागून घ्या आणि पैसे यूपीआयने द्या.

हे सारे जुन्या करपद्धतीत. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. पगारदार दरवर्षी पद्धत बदलू शकतो, धंदेवाल्याला ती मुभा नाही. जुनी निवडून एकदा नव्यात परतलात, की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. म्हणून आधी कर सल्लागाराला दोन्हींचा हिशेब करायला सांगा.

नवी पद्धत घेतली म्हणून ‘आता कशाला हप्ता?’ असे म्हणत पॉलिसी सोडणारे मी पाहतो, त्याची मला खरी काळजी वाटते. अगोदरच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असते. पॉलिसी खंडित झाली, मध्ये साखर निघाली, की नव्या पॉलिसीत ती प्रतीक्षा पहिल्यापासून, किंवा सरळ नकार. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. ही बचत मात्र दोन्ही पद्धतींत मिळते.