सुरतेचा कापूस आणि मेंडेलचे गणित

सुरत म्हटले की हिरे आणि जरी आठवतात. परंतु आनुवंशशास्त्राच्या इतिहासातही या नगरीस मानाचे स्थान आहे. १९७० साली येथील कापूस संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘हायब्रिड-४’ हे कापसाचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण दिले. ‘गुजरात-६७’च्या कळीतील पुंकेसर सायंकाळी हाताने काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘अमेरिकन नेक्टरिलेस’चे पराग त्या फुलास लावावयाचे, अशी ही कष्टाची रीत.

एवढे उत्तम बियाणे घरी राखून पुन्हा का पेरू नये? याचे उत्तर ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत आहे. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या शुद्ध वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत मात्र ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे सुमारे ३:१. कारण प्रत्येक गुणासाठी माता व पिता यांच्याकडून एकेक जनुक येते. गोल ‘ग’ प्रभावी आणि सुरकुतलेला ‘स’ अप्रभावी मानल्यास, ‘गस’ रोपाच्या स्वपरागणातून गग, गस, गस, सस अशी चार रूपे संभवतात.

संकरित कापसाची सर्व रोपे पहिल्या पिढीतील, म्हणून एकसारखी. त्यांचे बी पेरले की गुण विलग होतात. उत्पादन तर अनेक जनुकांवर अवलंबून असते. स्वतंत्रपणे वाटली जाणारी केवळ दहा जनुके भिन्न असली, तरी एका रोपापासून १०२४ प्रकारचे पराग संभवतात. मग शेत एकसारखे कसे राहावे?

हेच गणित आमच्या बाह्यरुग्ण विभागातही भेटते. दक्षिण गुजरातच्या आदिवासी समाजात सिकल सेल आढळतो. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन. “पहिले मूल आजारी, म्हणजे पुढची तीन निरोगी ना?” असे पालक आशेने विचारतात. तसे नसते. ३:१ हे प्रमाण हजारो दाण्यांत दिसते. एका दाण्याला शेजारच्या दाण्याची आठवण नसते. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता तीच राहते.

शेतकरी नको ते रोप उपटू शकतो. पालकांचे तसे नसते. म्हणूनच हे गणित आधी मांडावयास हवे. विवाहापूर्वी रक्ताची एक साधी तपासणी त्यास पुरेशी आहे. पत्रिकेबरोबर हा अहवालही पाहण्याचा प्रघात आपण सर्वांनी मिळून पाडावा, ही विनंती.