माडावरून पडलेल्या कामगाराचा प्रथमोपचार : रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे, काय टाळावे

प्रस्तावना

नारळावरील किडींच्या व्यवस्थापनात शेंडा वेळोवेळी साफ करावा, गेंड्या भुंगे तारेच्या हुकाने बाहेर काढावेत आणि पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड व वाळूचे मिश्रण भरावे, अशा शिफारशी आपण नेहमी करतो. त्या अमलात आणण्यासाठी कोणाला तरी माडावर चढावे लागते. गेंड्या भुंग्याचा उपद्रव पावसाळ्यात वाढतो आणि नेमके त्याच काळात खोड शेवाळलेले व निसरडे असते. त्यामुळे पीक संरक्षणाचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला पाडेल्याच्या सुरक्षिततेची व प्रथमोपचाराची माहिती असणे अगत्याचे आहे.

पंधरा मीटर उंचीच्या माडावरून पडणारी व्यक्ती पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर असतो. सहा मीटर उंचीच्या आंब्याच्या फांदीवरून पडल्यासही तो ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास भरतो. बंगळुरूच्या के. आर. पुरमसारख्या झपाट्याने वाढलेल्या उपनगरात बांधकामाच्या परांचीवरून पडलेला मजूर असो वा रत्नागिरीच्या वाडीतील पाडेली, शरीराला बसणारा आघात सारखाच असतो आणि प्रथमोपचाराचे नियमही तेच असतात.

सर्वांत घातक मदत

माणूस पडल्याचा आवाज येताच चार जण धावतात. दोघे काखेत हात घालून त्याला बसवतात, कोणी पाणी पाजते, कोणी पाठ चोळते आणि मग त्याला रिक्षात बसवून नेले जाते. हेतू चांगला असला तरी ही कृती घातक ठरू शकते. मणका मोडला म्हणजे त्यातील मज्जारज्जूला इजा झालीच असे नसते. मोडलेला मणका उचलताना वाकला किंवा पिळला गेला, तर तोपर्यंत शाबूत असलेला मज्जारज्जू चिरडला जाऊ शकतो आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडू शकते. म्हणून उंचावरून पडलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या मणक्याला इजा झाली आहे असे गृहीत धरूनच मदत करावी. ती शुद्धीवर असेल, बोलत असेल, ‘मला काही झाले नाही’ असे म्हणत असेल, तरीही हेच गृहीत धरावे.

क्रमाने करावयाच्या गोष्टी

१. परिसर पाहावा. वर अडकलेली झावळी, सुटू पाहणारे नारळ, खवळलेल्या मधमाश्या किंवा विजेची तार यांचा धोका आहे का, ते आधी तपासावे. धातूचा दांडा वा शिडी तारेला लागली असल्यास वीजपुरवठा बंद होईपर्यंत जखमीला स्पर्श करू नये.

२. १०८ क्रमांकावर कळवावे. ही सेवा महाराष्ट्र, गोवा व कर्नाटकात उपलब्ध आहे. ठिकाण, जवळची खूण, पडल्याची उंची, जखमी शुद्धीवर आहे का आणि श्वास घेतो का, एवढे सांगावे. फोन स्पीकरवर ठेवावा. वाडीपर्यंत गाडी येत नसेल, तर एकाला मुख्य रस्त्यावर उभे करावे.

३. वाहते रक्त थांबवावे. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाब द्यावा. कमरेची कोयती शरीरात रुतली असल्यास ती उपसू नये. तिच्या भोवती कापडाच्या घड्या लावून ती स्थिर करावी.

४. श्वास पाहावा. श्वास थांबला असेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर जखमीला उताणे करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. अशा वेळी मणक्याच्या भीतीने थांबू नये.

५. डोके स्थिर धरावे. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत धरावे. मान सरळ करण्याचा आग्रह धरू नये. ‘मान हलवू नका, बोलून उत्तर द्या’ असे जखमीला सांगावे.

६. उलटी झाल्यास किंवा बेशुद्धीत घशात घरघर असल्यास किमान तिघा-चौघांनी डोके, खांदे, कंबर व पाय एका रेषेत ठेवून, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, ओंडका वळवावा तसे संपूर्ण शरीर एकदम कुशीवर वळवावे.

७. तोंडाने काही देऊ नये. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते, म्हणून पाणी, चहा किंवा वेदनाशामक गोळी देऊ नये. अंगावर पांघरूण घालावे. मालीश करू नये, हातपाय ओढून ‘बसवू’ नयेत.

न दिसणाऱ्या इजा

पायांवर पडलेल्या व्यक्तीची टाच मोडली असेल, तर तोच आघात वर चढून कमरेच्या मणक्यालाही इजा करू शकतो. कटीची हाडे मोडल्यास बाहेर थेंबही न दिसता पोटात मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्वचा थंड व ओलसर पडणे, नाडी जलद होणे, अस्वस्थता वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. कटी दाबून वा हलवून पाहू नये. पायांना मुंग्या येणे, बधिरता किंवा लघवी न होणे या बाबी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

तो का पडला?

हा प्रश्न कीटकशास्त्राच्या अंगानेही महत्त्वाचा आहे. शेंड्यात गांधीलमाश्यांचे पोळे असेल, तर पडण्याचे कारण दंश असू शकतो. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वासाला घरघर लागणे ही तीव्र ॲलर्जीची चिन्हे दिसताच ते १०८ वर कळवावे. मधमाशीची नांगी त्वचेत राहते, ती विलंब न करता खरवडून काढावी.

कीटकनाशक हाताळताना चक्कर येऊन माणूस पडला असेल, तर लाळ गळणे, अतिघाम आणि बारीक झालेल्या बाहुल्या ही विषबाधेची लक्षणे पाहावीत. हातमोजे घालून, शरीर न हलवता भिजलेले कपडे कापून काढावेत व त्वचा पाण्याने धुवावी. औषधाच्या बाटलीवरील लेबल डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णवाहिका येणे अशक्य असल्यास

दाराची फळी किंवा रुंद पाट जखमीच्या शेजारी ठेवावा. त्याला ओंडक्यासारखे वळवून फळी पाठीखाली सरकवावी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवाव्यात आणि छाती, कंबर व पाय फळीला बांधावेत. सपाट हौद्याच्या गाडीतून सावकाश न्यावे. दुचाकी किंवा बसवून नेणारी रिक्षा टाळावी.

चढण्याची वेळ कमी करणे

सोंड्या भुंग्यासाठी लावलेले कामगंध सापळे जमिनीवरूनच हाताळता येतात. गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. तेथे मेटारायझियम बुरशीचा वापर केल्यास शेंड्यापर्यंत पोहोचणारे भुंगे कमी होतात. चढणे अटळ असेल, तेव्हा सुरक्षा पट्ट्यासह चढण्याचे यंत्र वापरावे आणि खाली एक माणूस अवश्य ठेवावा. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ प्रशिक्षणात यंत्राचा वापर शिकविला जातो. मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजनाही माडावर चढणाऱ्यांसाठीच आहे.

महाराष्ट्रातील गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडण्याचा समावेश आहे. मात्र तिचा लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरता आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, असा पाडेली तिच्या बाहेर राहतो. त्याच्यासाठी विम्याची नोंदणी करून देणे हे विस्तार कार्यकर्त्यांचे व बागायतदारांचे काम आहे.

सारांश

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वाडीत चौघांनी डोके स्थिर धरण्याचा व शरीर ओंडक्यासारखे वळविण्याचा सराव करावा. बागेतील खोलीत एक रुंद फळी, स्वच्छ कापड व दोर कायम ठेवावेत. पाडेली पडल्यास त्याला उचलण्याची घाई न करता त्याचे डोके धरावे, श्वास पाहावा आणि १०८ वर कळवावे.